आधी लॉग वाचा, मग हात लावा

ऑफिसातला डेटाबेस सर्व्हर चालू होत नाही म्हटलं की आमच्याकडे तीन प्रकारची माणसं धावून येतात. पहिला म्हणतो, रीस्टार्ट करा. दुसरा म्हणतो, सगळं काढून परत टाका. तिसरा थेट फॉर्मॅट मारायला बसतो. तिघंही मनाने चांगली, मदतीला कधीही तयार. पण "लॉगमध्ये काय लिहिलंय?" असं विचारणारा चौथा मला इतक्या वर्षांच्या नोकरीत फारच कमी वेळा भेटला. या चौथ्या माणसाची बाजू मांडायला आज लिहितोय.

ज्यांचा फौजेच्या ऑफिसशी संबंध आला नाही, त्यांच्यासाठी थोडं सांगतो. आमच्या कामाचे कॉम्प्युटर इंटरनेटला जोडलेले नसतात. मग युनिटमधला कुणी हुशार पोरगा झॅम्प टाकतो, त्यातल्या डेटाबेसवर एक छोटा प्रोग्रॅम बांधतो, आणि आम्ही क्लार्क लोक त्यात नोंदी ठेवतो. अधिकृत कागद फायलीतच असतो. पण कुठला कागद कुठे अडकलाय हे फायलीत पटकन सापडत नाही, ते या प्रोग्रॅममध्ये सापडतं.

नोंदी कसल्या? उदाहरणार्थ पार्ट टू ऑर्डर. जवानाचं लग्न झालं, मूल झालं, की युनिट पार्ट टू ऑर्डर काढतं आणि ती रेकॉर्ड ऑफिसला जाते. बायकोच्या नावात एक अक्षर इकडचं तिकडे असलं की शेरा मारून परत येते. उत्तर पाठवलं नाही तर ते मूल कागदोपत्री जन्मलेलंच नसतं. पंधरा वर्षांनी पेन्शनचे कागद करताना, किंवा देव न करो, फॅमिली पेन्शनचे कागद करताना, त्या घरातल्या बाईला याच अक्षरासाठी जिल्हा सैनिक कार्यालयाचे खेटे घालावे लागतात. म्हणून "असू दे, नवीन बनवू" हे उत्तर मला चालत नाही.

आता लॉगचं. फौजेइतकी नोंदी ठेवणारी जमात दुसरी नसेल. संतरी पोस्टवर रजिस्टर, गाडीला कार डायरी, जनरेटरला लॉगबुक. रात्री जनरेटर बंद पडला तर मेकॅनिक आधी लॉगबुक बघतो, शेवटचं तेल कधी बदललं, किती तास चालला. कुणीही "इंजिन फेकून नवीन बसवा" म्हणत नाही. आणि तोच डेटाबेस सर्व्हर बिचारा आपण का पडलो हे ओळीओळीने लिहून ठेवतो, तर ते रजिस्टर उघडायला कुणाला वेळ नसतो! झॅम्पच्या कंट्रोल पॅनलवर जो लाल मजकूर येतो तो म्हणजे लॉग नव्हे. त्यात सगळ्या शक्यता एका दमात सांगितलेल्या असतात: पोर्ट अडलेला असेल, एखादी फाइल कमी असेल, परवानगी नसेल, क्रॅश झाला असेल. खरं काय झालं ते मायएसक्यूएलच्या डेटा फोल्डरमधल्या एरर लॉगच्या शेवटच्या वीस-तीस ओळींत असतं. फाइल नोटपॅडमध्ये उघडते. इंग्रजी सोपी असते.

राजस्थानच्या पोस्टिंगवर असंच एकदा सर्व्हर उठेना. आधीच्या क्लार्कने दोनदा सगळं काढून परत टाकलं होतं. लॉगमध्ये स्वच्छ लिहिलं होतं की ३३०६ या पोर्टवर आधीच दुसरा सर्व्हर चालू आहे का ते बघा. होताच. कुठल्यातरी दुसऱ्या सॉफ्टवेअरने स्वतःचा मायएसक्यूएल बसवला होता आणि तो विंडोजबरोबर आधी उठून जागा पकडत होता. नेटस्टॅट चालवून पोर्टवर कोण बसलंय ते पाहिलं, आपला पोर्ट ३३०७ केला, प्रोग्रॅमच्या जोडणीतही तोच आकडा टाकला. दहा मिनिटांचं काम. अशा वेळी झॅम्प दहा वेळा नव्याने टाकला तरी उपयोग शून्य, कारण दुखणं झॅम्पमध्ये नव्हतंच.

आसामातली गोष्ट जास्त गंभीर. तिथे चैत्र-वैशाखात जे वादळ येतं त्याला लोक बोरदोइसिला म्हणतात. माहेरी निघालेली लेक, अशी त्यांची समजूत. जाताना आणि येताना झाडं, पत्रे, तारा सगळं घेऊन जाते. अशाच एका संध्याकाळी लाइट गेली, यूपीएसच्या बॅटरीने दोन मिनिटांत मान टाकली, आणि जनरेटर चालू होईपर्यंत मशीन नोंद लिहिता लिहिता बंद पडलं. सकाळी सर्व्हर उठेना.

आमचा क्लार्क तमिळनाडूचा, वय असेल तेवीस-चोवीस. त्याने रात्रीच गेटबाहेर जाऊन फोनवर उपाय शोधला होता आणि वहीच्या पानावर सुवाच्य अक्षरात उतरवून आणला होता. "साहब, डेटा फोल्डर का नाम बदलना है, बॅकअप फोल्डर की कॉपी उसकी जगह रखनी है, फिर अपने डेटाबेस के फोल्डर उसमें डालने हैं." हा उपाय जगभर फिरतो आणि पुष्कळदा चालतोही. मी पान वाचलं आणि विचारलं, "आयबीडेटा-वन नाम की फाइल का क्या करना है, लिखा नहीं?" लिहिलेलं नव्हतं. ज्याने कुणी तो उपाय टाकला होता त्याने ती ओळ गाळली होती.

हीच ती जागा जिथे लोकांचा डेटा जातो. इनोडीबी प्रकारच्या तक्त्यांचा मजकूर वेगवेगळ्या फायलींत असला तरी कुठला तक्ता कुठे, याची मुख्य वही आयबीडेटा-वन मध्ये असते. ती न आणता नुसते फोल्डर आणले तर सर्व्हर झोकात चालू होतो, तक्त्यांची नावंही दिसतात. उघडायला गेलं की १९३२ नंबरची चूक, तक्ता इंजिनमध्ये अस्तित्वात नाही. म्हणजे हजेरीपटावर नाव आहे आणि बराकीत माणूस नाही. घाईत कुणी ती जुनी फाइल पुसली असेल तर मग कपाळाला हात. शिवाय बॅकअप फोल्डरमध्ये कोरे सिस्टिम तक्ते असतात, त्यामुळे आपण ठेवलेले यूजर आणि पासवर्डही जातात, हे कुणी सांगत नाही.

आम्ही आधी सर्व्हर पूर्ण बंद आहे याची खात्री केली आणि अख्खा डेटा फोल्डर जसाच्या तसा दुसऱ्या पार्टिशनवर कॉपी केला. पेन ड्राइव्ह आमच्याकडे चालत नाही, म्हणून एक प्रत सीडीवर. हे झाल्याशिवाय मी कुणाला कीबोर्डला हात लावू देत नाही. मग लॉग उघडला. तारखा विचित्र होत्या, कारण मदरबोर्डवरचा सेल संपला होता आणि घड्याळ मागे गेलं होतं. त्याला घाबरायचं कारण नव्हतं. कामाची ओळ खाली होती: आरिया रिकव्हरी फसली आहे, सगळ्या आरिया तक्त्यांवर आरिया-सीएचके चालवा आणि आरिया लॉगच्या फायली काढा. म्हणजे सर्व्हरने रोग सांगितला होता, औषधही लिहून दिलं होतं. आमच्या नोंदींचे इनोडीबी तक्ते धड होते. बिघडले होते ते सर्व्हरच्या स्वतःच्या कामाचे, यूजर-परवानग्यांचे तक्ते. बिन फोल्डरमधलं ते हत्यार त्याच क्लार्कने चालवलं, आरियाच्या लॉग फायली बाजूला काढल्या, स्टार्ट दाबलं. इनोडीबीने अर्धवट राहिलेले व्यवहार आपल्या आपण निस्तरले आणि पॅनलवर हिरवा रंग आला. परत आलेल्या सगळ्या ऑर्डरींची यादी त्याने लगेच छापून घेतली, न सांगता.

या आरियावरून एक आठवलं. झॅम्पचं पॅनल मायएसक्यूएल म्हणत असलं तरी २०१५ पासून आत मारिया डीबी असतो. दोन्ही डेटाबेस मायकेल विडेनियस या फिनलंडच्या माणसाने सुरू केले आणि दोन्हींची नावं त्याच्या मुलींवरून आहेत, थोरली माय, धाकटी मारिया. मुलींच्या जन्माची नोंद हरवू नये म्हणून धडपडणाऱ्या आम्हा लोकांना हे आवडण्यासारखं आहे.

एक धोक्याची सूचना. इनोडीबीच बिघडला असेल तर फोर्स रिकव्हरी नावाचा आकडा सेटिंगमध्ये टाकायला सांगतात, १ ते ६. पोरं सरळ ६ टाकतात, जास्त म्हणजे चांगलं असं समजून. ४ पासून पुढचे आकडे डेटा कायमचा बिघडवू शकतात. १ पासून चढत जायचं, सर्व्हर उठला की काहीही न लिहिता फक्त डम्प काढून घ्यायचा, आणि तो कोऱ्या सर्व्हरवर भरायचा. तेही कॉपी हातात असेल तरच.

"एवढा वेळ कुणाकडे आहे?" असं सीनियर लोक विचारतात. रास्त आहे. रिटर्न संध्याकाळपर्यंत जायची असते आणि साहेब दर तासाला विचारतात. पण एरर लॉग वाचायला पाच मिनिटं लागतात आणि फोल्डर कॉपी व्हायला चहा होईपर्यंतचा वेळ. दोनशे नोंदी फायलींतून पुन्हा भरायला तीन आठवडे. आणि झॅम्प बनवणारेच सांगतात की हा प्रकार शिकण्या-तपासण्यासाठी आहे, कायमच्या कामासाठी नाही. तरी आपण त्यावर काम चालवतो, तर त्याची काळजीही आपल्यालाच घ्यायला हवी.

माझी खरी तक्रार पोरांवर नाहीच. आम्ही दर दोन-तीन वर्षांनी बदलतो. चार्ज देता-घेताना खुर्च्या, कपाटं, अगदी पंचिंग मशीनसुद्धा मोजून घेतो. पण डेटाबेसचा पासवर्ड कुणाकडे आहे आणि शेवटचा बॅकअप उघडतो का, हे चार्जच्या यादीत नसतं. ज्याने प्रोग्रॅम बांधला तो कधीच दुसऱ्या टोकाला पोचलेला असतो. बॅकअप आहे, एवढं ऐकून सही करू नये. तो दुसऱ्या मशीनवर भरून दाखवायला सांगावा, समोर.

या पोस्टिंगवर चार्ज घेताना मी तेच मागितलं. सीडी लगेच मिळाली, वर तारीखही नीट लिहिलेली. डम्प फाइल पूर्ण झाली की शेवटच्या ओळीत तशी नोंद असते. उघडून शेवटी गेलो, तर ती ओळ नव्हती. फाइल मध्येच तुटलेली. सुदैवाने मूळ मशीन चालू होतं. दुपारी नवीन डम्प काढला, शेवटची ओळ दोघांनी मिळून पाहिली, दुसऱ्या मशीनवर भरून तक्ते मोजले, आणि मग सही केली.