कवठी चाफ्यासाठी हातभर माती

कोल्हापूरच्या जुन्या पेठांतील वाडे जाऊन तेथे बहुमजली इमारती उभ्या राहत आहेत, ही कालगतीच होय व तिच्याविरुद्ध तक्रार करण्यात हशील नाही. परंतु इमला पुरा होताच उरलेसुरले अंगणही भिंतीपासून भिंतीपर्यंत फरशीने मढवून टाकण्याचा जो प्रघात पडला आहे, तो गरजेपोटी नव्हे तर निव्वळ सवयीने चालला आहे, आणि म्हणूनच तो मोडता येण्यासारखा आहे. त्या अंगणात हातभर माती उघडी राखून तीत कवठी चाफा लावावा, अशी माझी नगरवासीयांना आग्रहाची विनंती आहे.

सोनचाफा हा आपल्या सह्याद्रीतला वृक्ष खरा, पण बियांपासून वाढवलेला सोनचाफा फुलायला अनेक वर्षे घेतो आणि पुढे छपराच्याही वर जातो. कवठी चाफा त्याचाच सगोत्र. ज्याने १६८९ साली वनस्पतींची कुळांत विभागणी करण्याची कल्पना मांडली, त्या पिएर मान्योल या फ्रेंच पंडिताच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मॅग्नोलिया या प्रजातीतला. मात्र तो झुडुपाएवढाच राहतो. त्याच्या अंडाकृती कळ्या सायंकाळी उमलतात, रात्रभर परिमळतात, आणि दुसऱ्या दिवशी पाकळ्या गळून पडतात.

त्याची निगा कठीण नाही, पण ती समजून केली पाहिजे. पंचगंगेकाठची काळी जमीन पाणी धरून ठेवते आणि साचल्या पाण्यात चाफ्याची मांसल मुळे कुजतात. म्हणून तांबडी माती, पालापाचोळ्याचे खत व कुजलेले शेण यांनी खड्डा भरून वाफा थोडा उंच करावा, पावसाळ्याच्या प्रारंभी गुटी कलम लावावे, दुपारच्या उन्हाची झळ चुकवावी, आणि एकदा रुजल्यावर मुळांशी खुरपे चालवू नये. बांधकामाचा चुना-सिमेंटमिश्रित राडारोडा तर खड्ड्यात मुळीच राहू देऊ नये, कारण तेवढ्यानेही पाने पिवळी पडून झाड खंगते.

हे एकेकट्या घरमालकाच्या सद्भावनेवर सोपवून भागणार नाही. महानगरपालिकेने नकाशास मंजुरी देतानाच उघड्या मातीची शर्त घालावी, आणि ती पाळल्याची खातरजमा झाल्याखेरीज भोगवटा प्रमाणपत्र देऊ नये. ज्या मातीत चाफा जगतो तीतच पावसाचे पाणीही मुरते. तेव्हा या शर्तीचा लाभ फुलांच्या शौकिनांपुरता नसून, प्रत्येक पावसाळ्यात तुंबलेली गटारे पाहणाऱ्या अवघ्या शहराचा आहे.