बँकेच्या मतपत्रिकेवर शिक्का मारण्याआधी

नागरी सहकारी बँकेच्या संचालक मंडळाची निवडणूक लागली की घरी पत्रकं येऊ लागतात. एका पॅनेलचं चिन्ह छत्री, दुसऱ्याचं कपबशी. दोन्हीकडे ‘परिवर्तन’, ‘पारदर्शक कारभार’ आणि ‘सभासदांचं हित’ हेच शब्द. मतदानाला जाणारे सभासद थोडे, आणि त्यातले बरेचसे ओळखीचा एखादा चेहरा बघून अख्ख्या पॅनेलवर शिक्के मारून परततात. माझी विनंती अशी की, या वेळी उमेदवाराकडून लेखी मागा: नेमकी कोणती सुधारणा करणार आणि किती दिवसांत. जो देईल, त्यालाच मत द्या. त्यासाठी काय तपासावं, काय विचारावं, हे खाली मांडतो.

१. आधी पणाला काय लागलं आहे ते बघू. सप्टेंबर २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध घातले, तेव्हा खातेदाराला सुरुवातीला सहा महिन्यांत मिळून फक्त १,००० रुपये काढता येणार होते. ही मर्यादा पुढे टप्प्याटप्प्याने वाढली. बँकेच्या एकूण कर्जांपैकी ७० टक्क्यांहून अधिक रक्कम एचडीआयएल या एकाच बांधकाम समूहाकडे गेल्याचं आणि ती लपवण्यासाठी २१ हजारांहून अधिक बनावट कर्जखाती दाखवल्याचं तपासात पुढे आलं. जानेवारी २०२२ मध्ये ही बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली; मोठ्या ठेवीदारांना सगळे पैसे परत मिळायला दहा वर्षांपर्यंतची मुदत सांगण्यात आली. पुण्याची रुपी बँक १९१२ सालची. तिच्यावर फेब्रुवारी २०१३ मध्ये निर्बंध आले आणि २०२२ मध्ये परवानाच रद्द झाला. फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेची पाळी आली. तिथे १२२ कोटींच्या अपहाराचा गुन्हा दाखल झाला.

ठेवींना विम्याचं संरक्षण आहे, फेब्रुवारी २०२० पासून एका ठेवीदाराला पाच लाखांपर्यंत. सभासदाच्या शेअर्सना मात्र कसलाही विमा नाही. बँक बुडाली तर भागभांडवल सर्वांत आधी जातं. म्हणून सभासदाने ठेवीदारापेक्षाही जास्त जागरूक असायला हवं. प्रत्यक्षात तो लाभांश किती टक्के आणि सभेला भेटवस्तू काय, यापलीकडे फारसं विचारत नाही.

२. वार्षिक अहवाल मागच्या बाजूने उघडा. पुढच्या पानांवर संचालकांचे फोटो, अध्यक्षांचं मनोगत आणि ठेवी वाढल्याचे रंगीत तक्ते असतात. कामाचा मजकूर ताळेबंदानंतर ‘हिशेबावरील टिपा’ या बारीक अक्षरातल्या भागात सापडतो. रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार तिथे काही गोष्टी छापाव्याच लागतात. सर्वांत मोठ्या वीस कर्जदारांकडे एकूण कर्जांपैकी किती टक्के रक्कम आहे, हा त्यातला पहिला बघण्याचा आकडा. वर्षागणिक तो चढत असेल तर बँकेचा जीव मूठभर लोकांच्या हातात चालला आहे. सर्वांत मोठ्या वीस ठेवीदारांचाही असाच आकडा असतो. संचालकांना आणि त्यांच्या नातेवाइकांना दिलेली कर्जं, आणि वर्षभरात रिझर्व्ह बँकेने केलेला दंड, हेही तिथेच मिळतं.

‘निव्वळ एनपीए शून्य टक्के’ अशी पाटी बँका अभिमानाने लावतात. थकीत कर्जासाठी नफ्यातून पुरेशी तरतूद केली की निव्वळ आकडा शून्यावर येतो, आणि तशी तरतूद करणं चांगलंच. पण त्याने कर्ज वसूल झालेलं नसतं. म्हणून ढोबळ एनपीए किती, तो गेल्या तीन वर्षांत कुठून कुठे गेला आणि किती कर्जं निर्लेखित केली, हे तीन आकडे शेजारी शेजारी मांडा. मग प्रचाराला आलेल्या उमेदवाराला त्यांच्यावर बोलायला सांगा. ज्याने हे पान उघडलेलंच नाही, तो मंडळात बसून कर्जप्रस्ताव वाचेल यावर माझा विश्वास नाही.

३. संचालकांच्या गोतावळ्यातली कर्जं. ठेवतारण किंवा आयुर्विमा पॉलिसीवरचं कर्ज असे अपवाद सोडले, तर संचालकांना, त्यांच्या नातेवाइकांना आणि त्यांचे हितसंबंध असलेल्या फर्मना कर्ज देण्यावर रिझर्व्ह बँकेने २००३ मध्येच बंदी घातली. पण ‘नातेवाईक’ या शब्दाच्या व्याख्येत धंद्यातला जुना भागीदार, पक्षातला सहकारी किंवा शेजारचा बिल्डर येत नाही. नियम जिथे संपतो तिथे उमेदवाराचा शब्द लागतो. तो असा घ्यावा: ‘माझ्या ओळखीच्या माणसाचा प्रस्ताव आला तर मी ते मंडळापुढे सांगेन, बैठकीतून उठेन आणि तशी नोंद इतिवृत्तात करायला लावेन.’

याच्याच जोडीला एकरकमी कर्जफेडीबद्दल, म्हणजे ओटीएसबद्दल विचारा. अडलेल्या प्रामाणिक कर्जदाराला सूट द्यावीच. पण मोठ्या थकबाकीदाराला किती व्याज सोडलं, हे सभासदाला क्वचितच कळतं. ओटीएसची किती प्रकरणं झाली आणि एकूण किती रक्कम सोडली, हे दरवर्षी अहवालात छापण्याचं वचन देणारा उमेदवार मला दहा परिवर्तनवाल्यांपेक्षा मोलाचा वाटतो.

४. मुदत आणि वारसा. सहकारी बँकेत संचालकाला सलग आठ वर्षंच राहता येत होतं. १ ऑगस्ट २०२५ पासून ही मर्यादा दहा वर्षं झाली. कायदा एका माणसाची वर्षं मोजतो, घराण्याची मोजत नाही. वडिलांच्या जागी मुलगा आणि दिरांच्या जागी भावजय आली की खुर्ची घरातच राहते. जुना संचालक वाईटच असतो असं मी म्हणणार नाही. त्याला एवढंच विचारा की, गेल्या पाच वर्षांत कोणत्या ठरावाला विरोध केला आणि तो इतिवृत्तात नोंदवला का. पाच वर्षांत एकदाही ‘नाही’ न म्हणालेल्या संचालकाने पुन्हा का निवडून यावं, याचं कारण त्यानेच द्यावं.

५. शिक्षण आणि अनुभव. मंडळातल्या निदान ५१ टक्के सदस्यांना हिशेब, बँकिंग, कायदा, शेती, सहकार अशा विषयांचं ज्ञान किंवा अनुभव हवा, असं कायदाच सांगतो. प्रत्येक उमेदवाराने आपल्या नावापुढे ते छापावं. पदवी प्रामाणिकपणाची हमी देत नाही, हे खरं. तरी ताळेबंद वाचता येणारी माणसं मंडळात बहुसंख्य असावीत, ही अपेक्षा जास्त नाही.

६. पॅनेल फोडून मत द्या. मतपत्रिका गटवार असते: सर्वसाधारण, महिला राखीव, इतर मागासवर्गीय वगैरे. गटातल्या जागांपेक्षा जास्त शिक्के मारले तर मत बाद होतं. कमी मारले तर होत नाही. म्हणजे दोन्ही पॅनेलमधले आवडलेले चार जण निवडायचे आणि बाकीच्या जागा कोऱ्या ठेवायच्या, ही मुभा तुम्हाला आहे. पॅनेलप्रमुख ‘पॅनेल टू पॅनेल’चा आग्रह धरतात, कारण त्यात कच्चे उमेदवारही पक्क्यांबरोबर तरून जातात. महिला राखीव जागांवर तर विशेष लक्ष द्या. त्या उमेदवार स्वतः बोलतात का, की त्यांच्या वतीने पतीच बोलतात?

७. बिनविरोध निवडणुकीचं कौतुक थांबवा. ‘बँकेचा खर्च वाचला’, ‘संस्थेत एकोपा आहे’ असं म्हणत सत्कार होतात. निवडणुकीचा खर्च हा देखरेखीचा खर्च आहे आणि तो बँकेने करायलाच हवा. अर्ज मागे घेण्याच्या दिवशी कोणाला कशाच्या बदल्यात थांबवलं, हे सभासदाला कधीच कळत नाही.

८. मतदार यादीत नाव आहे का? कर्ज घेताना ज्यांना नाममात्र सभासद केलं, त्यांना मताचा हक्क नाही. बरेच जण स्वतःला सभासद समजून केंद्रावर जातात आणि परत येतात. वडील जाऊन वर्षं झाली तरी शेअर्स वारसाच्या नावावर केलेले नसतात, अशीही घरं पुष्कळ आहेत. प्रारूप यादी लागली की हरकतीची मुदत संपण्याआधी आपलं नाव बघा. त्याच वेळी निवडणुकीच्या तोंडावर एका पत्त्यावर किंवा एका कारखान्यातून घाऊक सभासद झाले आहेत का, तेही बघा आणि हरकत लेखी द्या. निवडणूक राज्याचं सहकारी निवडणूक प्राधिकरण घेतं; बहुराज्यीय बँकांसाठी २०२३ च्या कायद्याने केंद्राचं वेगळं प्राधिकरण आलं आहे. हरकत कोणाकडे द्यायची, हे त्यावरून ठरतं.

९. निकालानंतर. उमेदवारांनी लिहून दिलेली वचनं जपून ठेवा. वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. सभेत विषय वाचला जातो न जातो तोच पुढच्या रांगांतून ‘मंजूर, मंजूर’ सुरू होतं आणि प्रश्न विचारणाऱ्याच्या हातात माइक येईपर्यंत राष्ट्रगीताची घोषणा होते. म्हणून प्रश्न आधीच लेखी द्या आणि शाखेतून पोच घ्या. शक्य असेल तर दहा-बारा सभासदांनी मिळून सह्या करा. सभेत उत्तर मिळालं नाही तर तसं इतिवृत्तात लिहायला सांगा आणि त्या इतिवृत्ताची प्रत मागा.