सवा महिना कुणाला मिळाला?

माझं बाळंतपण लखनऊत झालं. आई आठच दिवस राहिली. मजुरी बुडत होती. ती गेल्यावर मी रात्र रात्र रडायचे. ‘आपल्यात सवा महिना बाळंतिणीला जपतात,’ असं ऑफिसातली मैत्रीण सांगायची. कुणात? माझ्या वेळी आई बाराव्या दिवशी खुरपायला गेली होती.

उत्तर प्रदेशात नाळ कापायचं काम दलित बायांवर लादलेलं होतं. काम करून घ्यायचं आणि विटाळही तिचाच मानायचा. 1950 नंतर इथल्या दलितांनी नारा-मवेशी आंदोलनात नाळ कापणं आणि मेलेली गुरं ओढणं नाकारलं. त्यामुळे जुन्या आधाराचे गोडवे मला गाता येत नाहीत.

नवा आधार उभा करता येतो. झारखंड-ओडिशात ‘एकजुट’ संस्थेच्या गटांत बाया दरमहा जमून बाळंतपणाच्या अडचणी बोलत. त्यांत आदिवासी बाया पुष्कळ. 2010 साली लॅन्सेटमध्ये त्याचा अभ्यास आला. नैराश्यात एकूण फरक ठळक नव्हता, तिसऱ्या वर्षी मात्र मध्यम नैराश्य 57 टक्क्यांनी कमी आढळलं. वेळ लागतो, एवढंच.

दवाखान्यात बाळंत झालेल्या बाईकडे आशाताईने 42 दिवसांत 6 वेळा जायचं असतं. त्याचे ठरलेले 250 रुपये. ‘रडू येतं का, झोप लागते का’ हेही तिनेच विचारावं असं वाटत असेल, तर आधी तिचे पैसे वाढवा.