टरफले कुणाची?

मुंबईच्या ससून गोदीत पहाटेपासून स्त्रिया कोळंबी सोलीत बसतात. मजुरी दिवसावर नव्हे, सोललेल्या मालाच्या मापावर मिळते. सोललेली कोळंबी बरीचशी परदेशी जाते. डोकी व कवचे मिळून जवळजवळ निम्मे वजन मात्र कचरा ठरते. वस्तुतः या कचऱ्यात प्रथिने, चुन्याचे क्षार आणि माशांना तांबूस रंग देणारे ॲस्टाझॅन्थिन हे द्रव्य असते. कुजण्यापूर्वी वाळवून दळल्यास ही भुकटी मत्स्यखाद्यात मिसळता येते. अर्थात थोड्या प्रमाणातच. कारण कवचातील कायटिन बहुतेक माशांना नीट पचत नाही. तरीही तेवढ्यापुरती तारलीसारखी स्वस्त मासळी खाद्याच्या गिरणीतून वाचेल आणि गरिबाच्या ताटात पडू शकेल.

परंतु तंत्र आले म्हणजे न्याय आला, असे होत नाही. कचऱ्याला भाव येताच त्याला मालक फुटतो. ज्यांच्या वाट्याला आजवर दुर्गंधी आली, त्यांच्याच वाट्याला मोबदला यावयास हवा. म्हणून वाळवणीची व दळणाची यंत्रे सोलणाऱ्या स्त्रियांच्या सहकारी संस्थांकडेच असावीत आणि त्यासाठी शासनाने भांडवल पुरवावे. ही मागणी कार्यकर्त्यांनी गोदीतूनच उभी केली पाहिजे.