घराच्या किमतीत जातीचा भाव आपण का मोजायचा?



मागच्या वर्षी मोशीत एक फ्लॅट पाहायला आम्ही आमच्या एका कार्यकर्ता मित्रासोबत गेलो होतो. मित्र शाळेत शिक्षक, वहिनी सरकारी दवाखान्यात परिचारिका. बँकेचं मंजुरीपत्र खिशात होतं. मालकाने ६२ लाख सांगितले. आम्ही तोंड उघडणार, तेवढ्यात एजंटाने जिन्यात गाठलं आणि हळूच म्हणाला, "सर, भाव फिक्स आहे. आणि खरं सांगू का, तुम्हाला देतायत हेच..."

वाक्य त्याने पुरं केलं नाही, आणि करायची गरजही नव्हती. आमच्या मित्राने मान डोलावली. याआधी तीन ठिकाणी त्याचं आडनाव कळेपर्यंत सगळं सुरळीत होतं. आडनाव कळलं आणि एकाच्या मुलाचं अचानक परदेशातून परत यायचं ठरलं, दुसऱ्याच्या बायकोला घर विकायचंच नव्हतं, तिसऱ्याने फोन उचलणंच बंद केलं. त्यामुळे इथे ६२ तर ६२.

आमचं भांडण त्या एजंटाशी आहेच, पण त्याहून जास्त या मान डोलावण्याशी आहे.

१९१७ साली कोलंबिया आणि लंडनमध्ये शिकून आलेल्या बाबासाहेबांना बडोद्यात राहायला जागा मिळेना. पारशी धर्मशाळेत राहायचं तर वहीत पारशी नाव लिहावं लागलं. पैसे पूर्ण मोजूनही अकराव्या दिवशी काठ्या घेतलेली माणसं दारात उभी राहिली. शंभर वर्षं उलटून गेली. आता काठ्या दिसत नाहीत, आता 'भाव फिक्स' असतो. दिल्ली परिसरातल्या भाड्याच्या घरांबद्दल सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. दलितांना आणि मुसलमानांना काही घरमालक सरळ नाकारतात आणि ज्यांना घर देतात त्यांच्यातल्याही अनेकांना जास्त भाडं किंवा जाचक अटी लावतात, असं त्यात दिसलं. म्हणजे होकाराचीही किंमत असते, आणि ती आपल्याच खिशातून जाते.

आपले शिकलेले लोक मात्र हिला किंमत म्हणत नाहीत. ते म्हणतात, "दोन-चार लाखांसाठी कशाला तोंड वाईट करायचं? लोक म्हणतील, ह्यांना चांगल्या वस्तीत राहायची ऐपत नाही." मित्रांनो, त्याच सोसायटीतला व्यापारी घर घेताना तासभर घासाघीस करतो, चहा पिऊन पुन्हा करतो, आणि त्याची ऐपत कुणी काढत नाही. तो केला तर व्यवहार आणि आपण केली तर भिकार मागणी, हे कुणी ठरवलं? ज्या माणसाने रुपयाच्या प्रश्नावर प्रबंध लिहिला त्याच्या लेकरांना एका फ्लॅटचा भाव विचारायची लाज वाटावी?

हिशोब करून पाहा. सहा लाख जास्त दिले तर साडेआठ टक्के व्याजाने वीस वर्षांच्या कर्जात महिन्याचा हप्ता पाच हजार दोनशेच्या घरात वाढतो. वीस वर्षांत ते साडेबारा लाख होतात. पिंपरी-चिंचवडमध्ये मुद्रांक शुल्क सात टक्के, म्हणजे त्या सहा लाखांवर आणखी ४२ हजार. आपल्या पोरीचं उच्च शिक्षण आपण संकोचापायी दुसऱ्याच्या खिशात घालून येतो.

आता त्या फ्लॅटचं पुढे काय झालं ते सांगतो. आम्ही मित्राला टोकन देऊ दिलं नाही. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चमध्ये गाव, वर्ष आणि सर्व्हे नंबर टाकला की नोंदलेल्या दस्तांची सूची क्रमांक दोन, म्हणजे लोक जिला इंडेक्स टू म्हणतात ती, पाहता येते. तिच्यात मोबदला किती हे लिहिलेलं असतं. त्याच इमारतीतला, तेवढ्याच क्षेत्रफळाचा फ्लॅट आठ महिन्यांपूर्वी ५५ लाखांना गेला होता. तो कागद घेऊन आम्ही परत गेलो आणि मालकापुढे ठेवला. ५७ लाख, सगळे बँकेतून, महिन्याभरात व्यवहार पूर्ण, असं स्पष्ट सांगितलं. मालक म्हणाला, विचार करून कळवतो.

त्याने कळवलं नाही. मित्र आमच्यावर महिनाभर रागावला होता. "तुमच्या स्वाभिमानाने माझं घर घालवलं," असं तो चार लोकांसमोर म्हणाला. वहिनी तर आमच्याशी बोलतच नव्हत्या. ते आम्ही ऐकून घेतलं, कारण भाड्याच्या घरात ते राहत होते, आम्ही नाही.

चार महिन्यांनी आम्ही सहज पुन्हा इंडेक्स टू काढली. तोच फ्लॅट विकला गेला होता. ५६ लाखांना. आपल्यापेक्षा एक लाख कमी घेऊन! घेणाऱ्याचं आडनाव तिथे छापलेलं आहे, आम्ही इथे लिहीत नाही. वाचणाऱ्यांना ते लिहायची गरज नाही. कुणी म्हणेल, मधल्या काळात त्याला पैशांची निकड लागली असेल. असेलही. पण आमच्या मित्राचा फोन नंबर तोच होता.

काहीजण लगेच विचारतात, मग ॲट्रॉसिटी का लावली नाही? कायद्यात आर्थिक बहिष्काराची तरतूद आहे, ती वापरलीही पाहिजे. पण जात काढून तोंडावर नकार देण्याइतका मूर्ख आता कुणी राहिलेला नाही. 'विचार करून कळवतो' या वाक्याविरुद्ध पंचनामा कसा करणार? शिवाय एका समाजापुरतंच सभासदत्व ठेवण्याचा गृहनिर्माण संस्थेचा नियम सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये झोरॉस्ट्रियन सोसायटीच्या खटल्यात वैध ठरवला, हेही आपल्या वकिलांनी विसरू नये. कोर्टातली लढाई लांबची आहे. कागद हातात घेऊन भाव करण्याची लढाई या रविवारपासून लढता येते.

आपल्याकडे एक ताकद आहे, तिचा आपल्याला पत्ताच नाही. आपला मध्यमवर्ग पगारदार आहे आणि आपला पैसा पांढरा आहे. एजंट म्हणतो, पंधरा लाख रोख द्या, करारात कमी दाखवू. अजिबात नाही! घराच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त रोख घेणं आयकर कायद्यालाच मंजूर नाही. करारात किंमत कमी दाखवली तर बँक कर्जही कमी देते, आणि उरलेल्यासाठी आपण आईचे दागिने मोडतो. त्यापेक्षा मंजुरीपत्र समोर ठेवा आणि सांगा, पूर्ण रक्कम चेकने, पण भाव आमचा.

बिल्डर नव्या इमारतीत चौरस फुटाचा दर सहसा उतरवत नाही, कारण आधीचे ग्राहक भांडायला येतात. तो वरच्या खर्चात सोडतो. मजल्यानुसार वाढणारा दर, क्लब हाऊस, दोन वर्षांचा आगाऊ मेंटेनन्स, मुद्रांक शुल्क, जीएसटी, असं सगळं धरून एकच आकडा मागा आणि तो आकडा खाली आणा. भोगवटा प्रमाणपत्र मिळालेल्या घराला जीएसटी लागत नाही. उघड्या जागेतलं पार्किंग बिल्डरला विकता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच सांगितलं आहे. आणि नोंदणीकृत करार झाल्याशिवाय दहा टक्क्यांहून जास्त रक्कम त्याला रेरा कायद्याने घेता येत नाही. घर फक्त घरातल्या बाईच्या नावावर घेतलं तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. हिंदू कोड बिलावर भाषणं देणाऱ्या आमच्या पुरुष कार्यकर्त्यांपैकी कितीजणांनी ती घेतली, हे एकदा विचारायचं आहे.

आता घरातलं भांडण. १४ एप्रिलच्या आसपास शहरांच्या कडेला बॅनर लागतात. बाबासाहेबांचा फोटो, बुद्धाची मूर्ती, 'फक्त आपल्या समाजासाठी, हप्त्याने प्लॉट'. बाहेर नाकारलेला माणूस इथे धावत येतो. इथे तर तो भावही विचारत नाही, सातबाराही मागत नाही. विचारलं तर 'आपल्याच माणसावर संशय?' असं ऐकावं लागतं. गुंठेवारीचा तुकडा, एनए नाही, रस्ता नाही, आणि हातात नोटरीचा कागद. नोटरीने जमिनीची मालकी येत नाही, त्याला नोंदणीकृत खरेदीखतच लागतं. आमच्या ओळखीच्या तीन कुटुंबांचे निवृत्तीचे पैसे अशाच एका 'आपल्या' माणसाकडे अडकलेत. सवर्ण मालक आपल्या लाजेवर कमावतो, हा आपल्या जय भीमवर कमावतो. दोघांनाही तोच प्रश्न विचारायचा: हा भाव कशाच्या आधारावर, कागद दाखव.

आमचा मित्र अजून भाड्याच्याच घरात आहे. राग मात्र गेला. परवा त्यानेच दोन नव्या फ्लॅटच्या इंडेक्स टू काढून आणल्या आणि वहिनींनी त्यावर लाल पेनाने खुणा केल्या. ज्यांना हे शिकायचं आहे त्यांनी रविवारी सकाळी वंदना झाल्यावर विहारात थांबावं. लॅपटॉप आहे, पण इमारतीचा सर्व्हे नंबर तुम्ही आणा. आणि तोवर कुणालाही टोकन देऊ नका.