नेत्रशिबिराच्या बॅनरला माझा विरोध

दोस्तांनो, चौदा एप्रिलला कुंभारीत लहानथोर सगळ्यांचे डोळे तपासायचे, काचबिंदू हुडकायचा, असं ठरवताय म्हणे. माझा विरोध आहे.

काचबिंदू म्हंजे मोतीबिंदू नव्हं. मोतीबिंदू काढला की उजेड परत येतो. काचबिंदूत डोळ्यामागची नसच वाळत जाते. गेलेली नजर गेलीच. आणि जाते ती कडेकडेनं. गोदूताई वसाहतीतली बाई मांडीवर सूप घेऊन विड्या वळते. पान, तंबाखू, दोरा सगळं दिसतंय. मधली नजर शाबूत. बाजूचा अंधार आत सरकतोय हे तिला कळंनाच. अरविंद नेत्र रुग्णालयाची दक्षिण तामिळनाडूतली पाहणी 2003 साली छापली गेली. काचबिंदू सापडलेल्या शंभरातल्या त्र्याण्णवांना आधी पत्ताच नव्हता.

मग तपासू की सगळ्यांना! कशानं? डोळ्यावर हवा मारून दाब मोजणार? कित्येक काचबिंदूवाल्यांचा दाब 21 च्या आतच असतो. त्यांच्या हातात 'नॉर्मल'ची चिठ्ठी ठेवून आपणच त्यांना आंधळं करणार. ज्यांचा दाब जास्त निघेल त्यातल्या पुष्कळांना रोगच नसतो, पण रोजी बुडवून सोलापूरच्या खेपा त्यांनी घालायच्या. अमेरिकेतल्या तज्ज्ञमंडळानं 2022 ला सांगितलं, सरसकट तपासावं की नको, ठरवायला पुरावा पुरेसा नाही. आपले साहेबलोक हेच वाक्य पुढं करून हात झटकणार. तेही खपवून घेऊ नका. पुरावा अपुरा म्हणजे आंधळेपण खोटं होत नाही.

बरं, सापडली एखादी बाई. पुढं? बहुतेकींना रोज थेंब, मरेपर्यंत. बॅनर उतरला की बाटली कोण देणार, फोटोतला पुढारी? बाबासाहेब 1942 ते 1946 मजूरमंत्री होते. त्यांच्या खात्यानं कामगाराच्या आजारपणाच्या विम्याची आखणी केली. शिबिराची नव्हे.

इथं दोन पंतप्रधान घरांच्या किल्ल्या देऊन गेले, 2006 ला गोदूताईच्या, 2024 ला रे नगरच्या. ती घरं लाल बावट्याच्या आडम मास्तरांनी भांडून मिळवली. हे कबूल करायला आपल्याला जड जाऊ नये. तसं थेंबासाठी भांडा. गावातल्याच सरकारी दवाखान्यात, फुकट, दर महिन्याला. चाळिशी उलटलेला जो कुणी चष्म्याला, मोतीबिंदूला येईल त्याची नस बघितल्याशिवाय डॉक्टरनं सोडायचं नाही. आईबापाला, भावंडाला काचबिंदू असेल त्याला घरून बोलावून आणा. आणि लाल डोळ्यावर चिठ्ठीशिवाय स्टिरॉइडचे थेंब देणाऱ्या मेडिकलवाल्याला आधी अडवा. ते महिनोन्‌महिने घालून काचबिंदू ओढवलेली माणसं आहेत.

एवढं पत्रकात घालणार असाल तर चिकटवायला मी येतो. दुसरी पाळी सुटल्यावर.