पत्रिकेवरून मुलांचे विषय ठरवणाऱ्या आईबाबांनो, आधी हे २७ जण बघा

मंडळी, पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा. राग आला तरी शेवटपर्यंत वाचा, मग खाली काय बोलायचं ते बोला.

मध्यंतरी आपल्यातल्याच एका घरी जेवायला गेलो होतो. त्यांची मुलगी सेकंडरी टूला आहे, पुढच्या वर्षाचे विषय निवडायचा फॉर्म भरायचा होता. तिला फिजिक्स-केमिस्ट्री हवंय, मार्क ठीकठाक आहेत. आई म्हणाली, "नाही गं, गावाकडे गुरुजींना पत्रिका पाठवली होती. पंचम स्थान बिघडलंय, सायन्स झेपणार नाही म्हणाले." मुलगी मान खाली घालून जेवत होती. मी विचारलं, गुरुजींचं खरं ठरतं का? "अगं, माझ्या भावाचं परदेशगमन त्यांनी बरोब्बर सांगितलं होतं!"

या "बरोब्बर सांगितलं होतं"शी माझं भांडण आहे.

मी तुआसला एका औषधांच्या कारखान्यात क्वालिटीत काम करते. ग्रीन लाइनचं शेवटचं स्टेशन, तिथून पुढे कंपनीची बस. काम एका वाक्यात सांगायचं तर चाचणीचा आकडा बघायचा आणि बॅच बाहेर सोडायची की नाही ते ठरवायचं. त्यात दोन गोष्टी पहिल्या दिवसापासून डोक्यात बसवतात. एक, मर्यादा चाचणीच्या आधी ठरलेली असते. आकडा बघून मर्यादा सरकवायची नाही. दोन, आकडा नापास आला तर कारण शोधायचं. मनासारखा येईपर्यंत तीच चाचणी परत परत करत बसायचं नाही. आपल्यातले किती जण अशाच नोकऱ्या करतात! बँकेत, आयटीत, हॉस्पिटलात. ऑफिसात पुराव्याशिवाय सही करत नाही आणि घरी येऊन एका भावाच्या गोष्टीवर मुलीचे विषय बदलतो.

आता खरी गोष्ट. २००८ साली पुण्यात डॉ. जयंत नारळीकरांनी फलज्योतिषाची चाचणी घेतली. सोबत डॉ. नरेंद्र दाभोलकर, प्रकाश घाटपांडे आणि पुणे विद्यापीठाच्या संख्याशास्त्र विभागातले प्रा. सुधाकर कुंटे होते. २०० मुलांच्या पत्रिका जमवल्या. १०० मुलं हुशार म्हणून नावाजलेली आणि १०० बौद्धिक दिव्यांग (तेव्हाचा शब्द मतिमंद). ज्योतिषांना आवाहन केलं. ५१ जणांनी तयारी दाखवली, त्यांना प्रत्येकी ४० पत्रिका पाठवल्या आणि २७ जणांची उत्तरं आली. प्रश्न एकच होता: यातलं हुशार मूल कोणतं आणि दिव्यांग कोणतं? कुठली पत्रिका कोणाची, हे सांकेतिक नोंदीत बंद होतं, त्यामुळे कोणाला इशारा मिळायची सोय नव्हती.

विचार करा, आपण गुरुजींना विचारतो "सायन्स की कॉमर्स". इथला प्रश्न त्याहून कितीतरी ढोबळ होता. एखादी बालवाडीची बाई अशा दोन मुलांसोबत थोडा वेळ बसली तरी तिला फरक कळेल.

नुसतं नाणं उडवून उत्तरं दिली तर ४० पैकी सरासरी २० बरोबर येतील. पण दर वेळी २० येणार नाहीत, कधी १७ येतील, कधी २३. हे वरखाली होणं साधारण ३ चं असतं. संख्याशास्त्रात याला प्रमाण विचलन म्हणतात, इथे ते ३.१६ आहे. म्हणून २१-२२ बरोबर आले तर त्याला काही किंमत नाही. मर्यादा होती २८. नुसत्या नाणेफेकीने २८ किंवा जास्त बरोबर यायची शक्यता साधारण १२० मध्ये एक. एवढं जमलं तर म्हणता येईल की हे नशिबापलीकडचं दिसतंय.

निकाल काय लागला? सगळ्यात जास्त गुण २४. बाकी सगळे त्याखाली आणि २७ जणांची सरासरी २० च्याही खाली. एका ज्योतिष संस्थेने सगळ्या २०० पत्रिका तपासल्या, त्यांची १०२ बरोबर आली. नाण्याची १०० आली असती.

आता तो २४ वाला घ्या. तो म्हणेल, "मला ६० टक्के जमलं!" आपला भाऊवाला किस्सा नेमका हाच आहे. एकट्या माणसाने नाणं उडवून २४ किंवा जास्त मिळवायची शक्यता शंभरात तेरा. पण २७ जणांनी नाणी उडवली तर त्यातल्या एकाला तरी २४ मिळायची शक्यता ९८ टक्के! म्हणजे तो नसता निघाला तरच नवल. इतकंच काय, २७ नाणेवाल्यांत एखादा २८ गाठायचीही शक्यता पाचात एक आहे. तसा कोणी निघाला असता तरी त्याला पुन्हा नव्या ४० पत्रिका द्याव्या लागल्या असत्या. तुमच्या गुरुजींनी आजवर किती जणांना किती गोष्टी सांगितल्या? त्यातल्या चुकलेल्या कोण मोजतंय? बरोबर आलेली गोष्ट घराघरात फिरते, चुकलेली त्याच दिवशी विसरली जाते.

आता आमच्या बाजूच्या मंडळींनाही ऐकवते. "नारळीकरांनी ज्योतिष खोटं सिद्ध केलं" असं फॉरवर्ड करता ना? ते बरोबर नाही. आपलीच मुलं जेसीत एच-टू मॅथ्सला हायपोथेसिस टेस्टिंग शिकतात, त्यांना विचारा. "हा नुसता अंदाज आहे" हे आपलं शून्य गृहीतक, मुलं ज्याला नल हायपोथेसिस म्हणतात ते. आकडा मर्यादेपलीकडे गेला तर ते नाकारायचं. नाही गेला तर "गृहीतक सिद्ध झालं" असं लिहायचं नाही. "नाकारायला पुरेसा पुरावा नाही" असं लिहायचं. कारण ४० पत्रिकांची चाचणी थोडंसं कौशल्य असलेल्या माणसालाही नापास करू शकते. खरंच ६० टक्के जमणारा ज्योतिषी असता तर तोही बहुतेक वेळा २८ पर्यंत पोचला नसता.

मान्य. पण म्हणूनच तो २०० पत्रिकांचा आकडा महत्त्वाचा. ६० टक्के जमत असतं तर तिथे १२० च्या आसपास यायला हवे होते. आले १०२. एवढी घसरण योगायोगाने व्हायची शक्यता शंभरात एकाहून कमी. म्हणजे कौशल्य असलंच तर ते फारच बारीक आहे. इतक्या बारीक कौशल्यावर पोरीचा फॉर्म भरायचा?

"जन्मवेळ चुकली असेल," "ते ज्योतिषी कच्चे असतील," असं म्हणणारे आहेतच. असेल. पण हे निकालानंतर सुचतं, आमच्याकडे याला मर्यादा सरकवणं म्हणतात. आणि तीन गुरुजींना विचारून चौथ्याचं ऐकणारे आईबाबा तर मनासारखा आकडा येईपर्यंत चाचणी करत असतात. त्यावर कारखान्यात नोकरी जाईल.

शेवटचा मुद्दा, आईबाबांसाठी सगळ्यात महत्त्वाचा. निर्णय चुकायचे दोन प्रकार असतात. गुरुजींचं खोटं असताना तुम्ही खरं मानलंत, तर मुलीला हवं ते शिकायची दारं चौदाव्या वर्षीच बंद होतात आणि "मला झेपत नाही" हे तिच्या मनात कायमचं बसतं. गुरुजींचं खरं असताना तुम्ही ऐकलं नाहीत, तर तिला सायन्स जड जाईल, मार्क कमी पडतील, मग शिक्षकांशी बोलून वाट बदलता येईल. यातली कोणती चूक महाग? जी चूक महाग, ती टाळायला पुरावा कडक मागायचा. आपण नेमकं उलटं करतो.

म्हणून कुणीही तुमच्या मुलाबद्दल भाकीत केलं की तीन गोष्टी विचारा. गुरुजी असोत, बोटांच्या ठशांवरून बुद्धी सांगणारे असोत नाहीतर "आमच्याकडे मार्क वाढतात" म्हणणारे ट्यूशनवाले.

१. एकूण किती सांगितलं आणि त्यातलं किती चुकलं?
२. नुसत्या अंदाजाने किती बरोबर आलं असतं?
३. किती आल्यावर मानायचं, हे आधी ठरलं होतं का?

उत्तर मिळालं नाही तर पैसे देऊ नका, आणि मूल खोलीत असताना ते भाकीत बोलू तर अजिबात नका.

तुमचा विश्वास असेल तर पूजा करा, पत्रिका जपून ठेवा, माझं काही म्हणणं नाही. माझ्याही आईने माझी जपून ठेवलीय. पण विषय निवडताना मुलीची वही बघा, तिच्या सायन्सच्या टीचरना भेटा, आणि तिला विचारा.

त्या ताईंना मी हे सगळं त्याच रात्री सांगितलं. त्या रागावल्या, अजून बोलत नाहीत. फॉर्म भरायची मुदत अजून संपलेली नाही. ताई, वाचत असाल तर एकदा तिच्याशी बोला.

वाद घालायचा असेल तर खाली जरूर घाला. फक्त किस्से नकोत, चुकलेल्यांसकट आकडे आणा.